थर टिकला

नखाएवढी चिप आणि तिच्यावर एन्झाइमचा पातळ थर. पाण्यात विषारी रसायन असलं की थर ते ओळखतो आणि चिप आकडा दाखवते. माझी सगळी नोकरी या थरात गेली. पहिली चिप आम्ही बोईसरजवळच्या खाडीत सोडली, तेव्हा थोड्याच वेळात आकडा शून्यावर आला. सोबतचे प्राध्यापक खूश होऊन म्हणाले, "पाणी स्वच्छ निघालं की." मी नाकाला रुमाल लावून उभा होतो. त्या पाण्याने थरच मारला होता. मग तो जगवण्यात वर्षं गेली, मीही थकलो. आता थर तिथे आठवडाभर टिकतो. निवृत्तीच्या सत्कारात त्याचंच कौतुक झालं. खाडीवर गेलं की रुमाल अजूनही लागतो.