खळ्यावरचा वारा

राघोबानं मंजुश्रीला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ती तांब्याच्या तारेच्या भेंडोळ्यांमध्ये बसली होती. विहिरीवरची मोटार जळाली म्हणून तो हुमनाबादला गुंडेरावांच्या रिवाइंडिंगच्या दुकानात गेला होता. गुंडेराव जेवायला घरी गेलेले. त्यांची थोरली मुलगी एका मोटारीचं पोट उघडून तार गुंडाळत होती आणि ओठातल्या ओठात कानडीत वेढे मोजत होती. राघोबा खाकरला, तरी तिनं मान वर केली नाही. वेढे पुरे झाले, तारेचं टोक बांधून झालं, मगच ती म्हणाली, "बसा अप्पा. मधीच बोलले असते तर पुन्ना पयल्यापासून मोजावं लागलं असतं."

तिनं राघोबाची मोटार जवळ ओढली आणि हुंगून पाहिली.

"ही जळाली न्हाई, तुमी जाळलाव. एक फेज गेलता, तरी चालूच ठिवलाव."

"फेज गेलेला मला कसा कळावा बाई?"

"आवाज बदलतंय की. म्हैस दुखण्याला आली तर हंबरण्यावरनं कळतंय न्हवं तुमाला?"

राघोबा खूश झाला. घरी पोचल्यावर सोजराबाईनं विचारलं, "झाली का मोटार?"

"मोटार परवा मिळंल. सून आजच मिळाली."

"मोटारीला गेलताव का सोयरिकीला?" सोजराबाई म्हणाली, पण पुढच्या आठवड्यात नवं लुगडं नेसून तीच आधी बसमध्ये चढून बसली.

अशी मंजुश्री तानाजीची बायको होऊन माळावर आली. तानाजी, राघोबाचा एकुलता मुलगा, बीदरला ट्रॅक्टरच्या शोरूममध्ये कामाला होता आणि शनिवारी घरी यायचा. घर वाडीपासून लांब, शेतातच. पुढं पडवीत मंजुश्रीनं एक टेबल मांडलं, आणि आसपासच्या शेतांतल्या बिघडलेल्या मोटारी सायकलवरून, बैलगाडीतून त्या टेबलाकडं येऊ लागल्या. राघोबा तिच्याशेजारी पोत्यावर बसून नटबोल्ट डब्यात वेगळे करायचा. आपल्याला म्हातारपणी असं काही शिकायला मिळेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

अडचण एकच होती, आणि ती दर पावसाळ्यात यायची. माळावरून येणारी विजेची लाइन वाऱ्यानं कुठंतरी तुटायची आणि मग आठवडा-आठवडा दुरुस्तीला कुणी फिरकायचं नाही. छतावर सौर पाटी होती. उन्हाळ्यात ती छान चालायची. पण आषाढात आभाळ डोक्यावर उतरलं की नुसती धुऊन निघायची. अशाच एका आषाढात सोजराबाई अंधारात गोठ्याकडं जाताना घसरली आणि तिचा हात मोडला.  हात बरा झाल्यावर तानाजीनं बीदरच्या मैलूर भागात घर बघितलं.

"अप्पा, पुढचा पावसाळा आखरीचा," तो म्हणाला. "घरात दिवा टिकला तर ऱ्हा. न्हाई टिकला तर दसऱ्याला सगळ्यांनी मैलूरला यायचं. आईचा दुसरा हात मोडायची वाट बघू का मी?"

पोराचं चुकत नव्हतं, हे राघोबाला कळत होतं. मैलूर वाईट नव्हतं. नळाला पाणी होतं, दवाखाना जवळ होता. पण तिथं सकाळी उठून त्यानं करायचं काय? आणि मंजुश्रीचं टेबल दोन खोल्यांत मांडायचं कुठं? त्या रात्री दोघं जेवून उठली. हात धुता धुता मंजुश्री म्हणाली, "मामा, ढग येतंय तवा वारं बी येतंय. पाटी झोपतीया तवा वाऱ्याला कामाला लावू."

चैत्रात ती सासऱ्याला घेऊन हैदराबादला गेली. दुकानदारानं चकचकीत, पाच पात्यांची, बसक्या टोपलीएवढी पवनचक्की पुढं केली. "ये लेव अम्मा. हजार वॅट है."

मंजुश्रीनं पिशवीतून टेप काढून पातं मोजलं. "कित्ती हवा को हजार?"

"तेज हवा को."

"उत्ती हवा आई तो हमारे गोठे के पत्रे बी नई रहते," ती म्हणाली, आणि राघोबाकडं वळली. "मामा, सुपाएवढ्या पात्याला सुपाएवढंच वारं घावतंय. चक्कीवर लिवलेले वॅट बघायचे न्हाईत, घेर बघायचा."

तिनं निवडली ती चक्की दिसायला साधी होती. तीनच पाती, पण लांब. वॅटचा आकडा लहान. मंद वाऱ्यातही फिरायला लागेल अशी. तिनं बोटानं चाक फिरवून पाहिलं, मग मागच्या तारांची टोकं एकमेकांना जोडून पुन्हा फिरवलं. आता चाक चिखलात रुतल्यासारखं जड झालं. "वादळात हिला थांबवायचं असलं तर असं करायचं," तिनं सासऱ्याला सांगितलं. दुकानदारानं न सांगता चहा मागवला.

इथपर्यंत सगळं नीट झालं. चूक झाली ती घरी आल्यावर, आणि ती सगळ्यांनी मिळून केली. चक्की कुठल्या कोपऱ्यात बसवायची एवढंच मंजुश्रीनं विचारलं; वारा कुठं आहे, हा प्रश्न कुणाला पडलाच नाही. घर बांधणारे चनमल्लप्पा मिस्त्री म्हणाले, "बोअर ईशान्येला घेतला, चूल आग्नेयेला मांडली, मग वाऱ्याचं चाक वायव्येला सोडून कुठं? वायुदेवाचा कोपरा हाय तो." राघोबानं मान डोलावली, सोजराबाईनं डोलावली, आणि पात्यांची लांबी टेपनं मोजणाऱ्या मंजुश्रीनंही डोलावली. छताच्या वायव्य कोपऱ्यात आखूड खांब रोवला, हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला.

पाऊस आला, वाराही आला. चाक कधी लिंबाच्या झाडाकडं तोंड करी, कधी जिन्याच्या खोलीकडं. लग्नात कुठल्या पंगतीला बसावं हे न कळलेल्या पाहुण्यासारखं. पश्चिमेचा वारा आधी लिंबातून चाळून, मग जिन्याच्या भिंतीवर आपटून त्याच्यापर्यंत येत होता. बॅटरीत काही भरेना. घुमणं तेवढं छतातून खाली उतरलं आणि फडताळातली भांडी दिवसरात्र थरथरू लागली.

"गिरणी बसवली म्हणावं तर पीठ बी न्हाई," सोजराबाई म्हणाली.

शनिवारी तानाजी आला. त्यानं चाकाकडं एकदा पाहिलं आणि मैलूरच्या घराची किल्ली खिशातून काढून फडताळावर ठेवली. टोमणा मारायचा त्याचा स्वभाव नव्हता. पण जेवण होईपर्यंत ती किल्ली फळीवर किणकिणत राहिली आणि सगळ्यांना ऐकू येत राहिली.

दुसऱ्या दिवशी मंजुश्रीनं चक्की खाली उतरवली. जुन्या लुगड्याची लांब चिंधी उंच बांबूच्या टोकाला बांधली आणि सासऱ्याच्या हाती दिली. "चला मामा, वारं हुडकू."

राघोबा बांबू धरून पुढं आणि ती मागं. छतावर चिंधी पाण्याबाहेर काढलेल्या मासळीसारखी तडफडली. गोठ्यापाशी लोंबून राहिली. विहिरीपाशी जराशी हलली. मग ती दोघं चढ चढून जुन्या खळ्यावर गेली. तिथं चिंधी पूर्वेकडं सरळ ताठ झाली आणि तशीच राहिली, जणू पलीकडून कुणी टोक धरलं आहे. राघोबाला हसू आलं.

"इथं वारं असतंय हे मला ठावंच होतं. आमच्या बापजाद्यांनी ज्वारी इथंच उपणली."

"मग कामून सांगितला न्हाईत?"

"तू वाऱ्याचं इचारलीस कुठं पोरी? तू कोपऱ्याचं इचारलीस."

मंजुश्री खळ्याच्या कडेवर बसून पोट धरून हसली. बऱ्याच दिवसांनी हसली होती.

मळणी यंत्र आल्यापासून खळं ओस पडलं होतं, तरी राघोबा ते ओलांडताना अजून पायातली चप्पल काढायचा. धान्याची रास तिथं पडलेली, लक्ष्मीची जागा. आता मंजुश्री म्हणाली की खांबासाठी मधोमध खड्डा लागेल, तेव्हा त्याचं हसू मावळलं. खळ्याला कुदळ लावायची नसते. त्याच्या बापानं लावली नव्हती. एकीकडं बापाचा शब्द, दुसरीकडं मैलूरच्या दोन खोल्या. मंजुश्रीनं आग्रह केला नाही. ती चिंधी सोडत बसली.

राघोबा अनवाणी खळ्यावर फिरला. मधोमध येऊन थांबला आणि अंगठ्यानं मुरूम उकरू लागला. खाली मऊ माती लागली. बैल ज्या खांबाभोवती फिरत त्या मेढीचा हा जुना खड्डा. दरसाल पूजा करून तिथं मेढ रोवायची आणि मळणी झाली की काढायची.

"खळं खांदायचं न्हाई," तो म्हणाला. "पर मेढीच्या जागी मेढ रोवायला कुणाची ना हाय?"

मग दोघांनी मिळून सगळं मेढीच्या नियमात बसवलं. खांब चारी बाजूंनी ताणून धरणाऱ्या तारांचे खुंट खळ्याबाहेर, लाल जांभ्यात ठोकले. खळ्यावरून वीज घरी नेणारी तार नळीत घालून जमिनीवर नुसती टेकवली. कडेपासून घरापर्यंतचा चर राघोबानं स्वतः खणला. अंतर लांब म्हणून मंजुश्रीनं जाड तार आणली. बारीक तारेत निम्मी वीज वाटेतच गळते, हे तिनं त्याला पाण्याच्या पाइपावरून समजावलं.

खांब आता उंच होता आणि त्याच्या शेंड्यावर चक्की. उभा करायचा कसा? सोजराबाईनंच शरणप्पाचं नाव काढलं. जत्रेत देवळापुढचा नंदीकोल, तो उंच ध्वजखांब, दरवर्षी शरणप्पाची माणसं चारी बाजूंनी दोऱ्या धरून उभा करतात. तिचा निरोप मिळाल्यावर एका सकाळी, वारा पडलेला असताना, ती सगळी माळावर आली.

"देव कुठला हो या कोलाचा?" शरणप्पानं विचारलं.

"वायुदेव," सोजराबाई म्हणाली. "कोपरा सोडून मधी आलाय."

माणसं हसत दोऱ्यांना लागली. मंजुश्रीनं चाक फिरू नये म्हणून तारांची टोकं जोडून ठेवली होती. ती खांबाच्या बुडाशी उभी राहिली, राघोबानं मागची दोरी धरली. शरणप्पानं हात वर केला. पुढचे ओढत, मागचे सोडत, आणि बाजूचे डोळे शेंड्यावर ठेवून तोल धरत. खांब कलला, थांबला, पुन्हा उठला. मधे एकदा तो डावीकडं झुकला. उजवीकडच्यांनी फक्त पाय रोवले. मग तो सरळ झाला आणि मेढीच्या खड्ड्यात बसला. मंजुश्रीनं ताणाच्या तारा आवळल्या, ओळंबा धरून पाहिला आणि जोडलेली टोकं सोडली.

वारा दुपारी उठला. चाकानं एकदाच वळून पश्चिमेकडं तोंड केलं आणि ते फिरू लागलं. घरात आवाज नव्हता, भांडी गप्प होती. मंजुश्री बॅटरीच्या काट्यासमोर उकिडवी बसली होती. काटा सरकला तशी तिनं सासऱ्याला हातानं बोलावलं. राघोबानं चष्मा लावून पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं.

आषाढात ठरल्याप्रमाणं लाइन तुटली. शनिवारी संध्याकाळी तानाजी मोटारसायकलवर माळाजवळ आला तेव्हा अख्खा उतार काळा होता, आणि त्यात त्याच्या घराच्या चारही खिडक्या उजळलेल्या. पाणी निथळत तो दारात उभा राहिला. आई दिव्याखाली भाकरी थापत होती. गोठ्यातही दिवा होता. पडवीत मंजुश्री कुणाचा तरी मिक्सर खोलून बसली होती आणि वाडीतली माणसं भिंतीपाशी रांगेनं मोबाइल चार्जिंगला लावून गप्पा मारत होती.

"आई, तुला गोठ्यात जायला दिसतंय का?" त्यानं विचारलं.

"मला तर तुझी वाढलेली दाढी बी दिसायलीय," सोजराबाई म्हणाली.

तो पोटभर जेवला. हात धुताना राघोबाला म्हणाला, "दसऱ्याला मीच इकडं येतो, अप्पा. मैलूरचं घर नको म्हणून मालकाला कळवतो."

 त्या रात्री राघोबा पावसात छत्री धरून खळ्यापर्यंत उगीचच जाऊन आला.

दिवा पाहून गेलेल्यांनी पुढच्या वर्षी आपापल्या शेतात चक्क्या मागितल्या. मंजुश्री आधी चिंधीचा बांबू घेऊन जायची. वारा नसेल तिथं सरळ नाही म्हणायची. कारंजा धरणावर जाळ्यांची राखण करणाऱ्या निंगप्पानं होडीवर चक्की हवी म्हटलं, तेव्हा ती दिवसभर त्याच्याबरोबर पाण्यावर फिरली. मग लहान चक्की निवडली, जाळं ओढणाऱ्याच्या डोक्याला लागणार नाही अशा बेतानं होडीच्या मागच्या टोकाला आखूड खांब लावला, आणि लाकूड थरथरू नये म्हणून खाली टायरच्या रबराच्या चकत्या घातल्या. निंगप्पाचा कंदील पहाटेपर्यंत विझला नाही.

मंजुश्री आजही माळावरच राहते. या वर्षी तिनं औराद तालुक्यातल्या, तेलुगू मुलखाला लागून असलेल्या गावांतली कामं घेतली आहेत आणि तिकडच्या लोकांशी बोलता यावं म्हणून ती तेलुगू शिकते आहे.