बुडून वर येणारी घार

फोटो काढायचं ठरलं त्याच संध्याकाळी मी वहीचं कोरं पान उघडलं आणि वर लिहिलं, ‘घार : लागणाऱ्या वस्तू’. सतरा वस्तू झाल्या. आमचे हे शेजारी बसून कॅमेऱ्याची काच धोतराच्या सोग्यानं पुसत होते. त्यांनी वहीत डोकावून बघितलं.

“अगं, पक्ष्याचा फोटो काढायचाय. काशीला नाही निघालो आपण.”

“काच धोतरानं पुसू नका,” मी म्हणाले आणि अठरावी वस्तू लिहिली : मऊ फडकं.

महाराष्ट्र राज्य होऊन तेव्हा दोन-तीन वर्षं झाली होती. जळकोटच्या अलीकडच्या एका गावात आम्ही दोघंही शिक्षक होतो. हे वरच्या वर्गांना शिकवत, मी लहान मुलींना. गावाबाहेर निजामाच्या अमलातला एक तलाव होता आणि त्याचं पाणी हिवाळ्यात पाळीपाळीनं शेतांना सोडलं जाई. दार उघडायचं आणि लावायचं काम मामांचं. ते कुणाचे सख्खे मामा नव्हते, पण सगळं गाव त्यांना मामाच म्हणे. साठीच्या पुढचे, काटक, डोक्याला पटका. तलावात पाणी किती, ते किती दिवस पुरेल, गव्हाला तिसरं पाणी मिळेल की नाही, हे ते बांधावर उभं राहून नुसतं बघून सांगत. कागद नाही, मोजपट्टी नाही. गाव त्यांच्या शब्दावर पेरत असे.

त्या हिवाळ्यात तो शब्द हलका झाला होता आणि त्याला कारण होती एक घार.

एस.टी. थांब्यापाशी एक हॉटेल होतं. म्हणजे चहा, शेव आणि चार बाकडी. दिवाळीच्या सुमारास मामांनी तिथं बसून सांगितलं की तलावावर दर हिवाळ्याला एक पांढऱ्या पोटाची घार येते. ती उंचावरून पाण्यात उडी टाकते, पार बुडून दिसेनाशी होते आणि पायात मासा धरून वर येते.

“घार बुडती व्हय, मामा?” हॉटेलवाला म्हणाला. “मग आमच्या कोंबड्याबी उद्यापासनं मासं धरत्याल!”

सगळी बाकडी हसली. तिथून सुरू झालं ते थांबेचना. मामा म्हणाले, “औंदा पाणी कमी हाय, गहू करू नका, हरभरा टाका,” तर कुणीतरी म्हणालं, “का, घारीनं पिलं का?” आणि सात-आठ जणांनी गहू पेरलाच. संक्रांतीनंतर पाण्याच्या पाळ्या ठरवायला गाव बसायचं होतं. गहूवाले तिसरं पाणी मागणार हे उघड होतं. दिलं, तर चैत्रात जनावरांना प्यायला घोटभर राहणार नव्हतं. मामा नको म्हणणार होते, पण त्यांचं ऐकणार कोण?

एक दिवस ते आमच्या दारात आले. आत या म्हटलं तरी उंबऱ्याबाहेरच उभे राहिले.

“बाई, गुरुजींकडं ते फोटूचं यंत्र हाय न्हवं? तेवढा त्या घारीचा एक फोटू काढा. म्या खोटं बोलायलो न्हाय, एवढं दिसू द्या लोकान्ला.”

मी लगेच हो म्हटलं. यादी त्यानंतरची.

कुणीही विचारील, फोटो कशाला, लोकांना नेऊन दाखवायचं. पण जी गोष्ट खोटी असं ठरून गेलेलं असतं, ती बघायला थंडीत पहाटे अर्धा कोस कोण चालत जाणार? आणि ती वेळ मोटा जोडायची. मामांनी चार जणांना बोलावलं होतं. चौघांनाही काम निघालं.

कॅमेरा ह्यांनी सोलापूरच्या एका स्टुडिओतून जुनाच घेतला होता. दोन भिंगांचा, पोटाशी धरून वरून बघायचा. एका रोलमध्ये बारा फोटो. लांबचं जवळ आणणारं भिंग वगैरे काही नाही, म्हणजे पक्षी मोठा हवा असेल तर आपणच त्याच्याजवळ जायला हवं. मामा मला तलावावर घेऊन गेले आणि त्यांनी जागा दाखवली. काठाजवळ पाण्यात एक वठलेली बाभूळ होती. घार मासा धरला की तिच्या शेंड्यावर येऊन बसायची आणि खायची. तिथून बारा हातांवर काठ. तिथं दडून बसायचं.

पहिल्या रविवारी हे अंगावर घोंगडी घेऊन बसले. ह्यांना सकाळी सात ते अकरा शिंका येतात. मी मोजलेल्या आहेत. चौथ्या शिंकेला घार तलावाच्या पार त्या टोकाला गेली. मी वहीत लिहिलं : आत मी बसणार.

मामा म्हणाले, एकदम खोप उभी केली तर ती बिचकेल. रोज थोडं थोडं वाढवा, तिला सवय होऊ द्या. मला हे एकदम पटलं. एका मुलीच्या वडिलांकडून कडबा मागितला आणि हिशोब केला : रोज शाळेआधी पाच पेंढ्या, दहा दिवस, झाली खोप. आम्ही दोघं रोज पहाटे पेंढ्या घेऊन निघायचो. मी पेंढ्या उभ्या करायची, हे सुतळी बांधायचे आणि शिंकायचे. घार रोज लांबून बघायची. सहाव्या दिवशी ती आमच्यासमोर बाभळीवर येऊन बसली. नवव्या दिवशी खोपीला दरवाजा झाला. दहाव्या दिवशी मी कॅमेरा गोधडीच्या तुकड्यात गुंडाळून, अठरा वस्तू पिशवीत भरून पोचले, तर खोप नव्हती.

तिच्या जागी तीन म्हशी उभ्या होत्या. एकीच्या तोंडात शेवटची पेंढी होती आणि शिंगाला सुतळी. शेजारी म्हशींची मालकीण हात जोडून उभी.

“लई पुण्य लागंल बघा बाई तुमाला,” ती म्हणाली.

“अहो, हे काय केलंत?”

“आता? तुमीच तर रोज कडबा आणून ठेवायल्या. दहा दिस बघायलो आमी. संक्रांतीच्या आधी मुक्या जनावराला चारा घालायचा नेम धरलाय बाईंनी, असं म्हणलं म्या. आज उद्यापन असंल म्हणून म्हशीच घिऊन आले.” तिनं म्हशीच्या पाठीवर थोपटलं. “बांधून कशाला ठिवला पर? तेवढी सुतळी सोडायला तरास झाला.”

ह्यांनी मान फिरवली. त्यांचे खांदे हलताना दिसत होते आणि या वेळी ती शिंक नव्हती. मीही जास्त वेळ तोंड गंभीर ठेवू शकले नाही. अठरा वस्तूंची यादी केली, पण आपण घर खाद्याचं बांधतोय हे एकदाही मनात आलं नाही. आम्ही तिघंही तिथं बांधावर बसून पोट दुखेपर्यंत हसलो. म्हशी खात होत्या. बाईनं जाताना मला हळदीकुंकवाला बोलावलं.

दुसरी खोप तुराट्यांची केली. तुरीच्या वाळक्या काड्यांना म्हैस तोंड लावत नाही. या वेळी मामांनी स्वतः बांधली, आणि घारीला आता तिथं काहीतरी असायची सवय होती, म्हणून चार दिवसांत झाली. आत मी बसले की बाहेर दिसू नये एवढी दाट, समोर कॅमेऱ्याच्या दोन भिंगांपुरतं भोक.

शेवटची युक्तीही मामांचीच.

“तिघं मिळून जाऊ. तुमी आत बसा. म्या आन् गुरुजी मोठ्यानं बोलत माघारी येतो. ती माणसं बघती, मोजीत न्हाय.”

त्याप्रमाणे दोघं मोठमोठ्यानं बोलत निघून गेले. हे मामांना सतराचा पाढा म्हणून दाखवत होते. आवाज विरला. तलावावर धुकं होतं, ते हळूहळू उठलं. मी मांडी घातली, पाणी उजव्या हाताला ठेवलं, वही डाव्या. वहीत आधीच आखून ठेवलं होतं : फोटो १ ते ३, नुसती बसलेली, ४ ते ९, मासा खाताना, १० ते १२, उडताना. उन्हं बाभळीवर आली, तरी ती आली नव्हती. पायाला मुंग्या आल्या.

मग पाण्यावर धप्प असा आवाज झाला. दगड पडल्यासारखा. माझ्या भोकातून ती जागा दिसत नव्हती. पुढच्या क्षणी पंखांचा जड आवाज आला आणि ती बाभळीवर उतरली.

मी इतक्या जवळून असा पक्षी कधी बघितला नव्हता. वरून तपकिरी, पोट दुधासारखं, डोळ्यापासून मानेपर्यंत काजळाची जाड रेघ ओढल्यासारखी. डोळे पिवळे. पुस्तकातलं तिचं नाव, मीनखाई घार, मला पुष्कळ वर्षांनी कळलं. पायाखाली वीतभर मरळ मासा अजून हलत होता. आणि ती थेट माझ्याकडं बघत होती.

मी आखणीकडं न बघताच बटण दाबलं. तेवढ्यात तिनं अंग झाडलं. पहिला फोटो गेला, हे मला तिथंच कळलं. हललेल्याचा फोटो हललेलाच येतो. गोधडीच्या आत हळूच किल्ली फिरवली आणि पुढचे अकरा फोटो शिस्तीत काढले. रोल संपला तरी ती खातच होती. मग मी नुसती बघत बसले. एवढा आनंद मला परीक्षेत पहिली आले तेव्हाही झाला नव्हता, आणि तो कुणाला सांगायलाही त्या खोपीत कुणी नव्हतं.

हे पुढच्या शनिवारी सोलापूरला गेले आणि फोटो धुऊन आणले. मी वहीत निकाल लिहिला : पाच उत्तम, सहा बरे, एक वाया. रविवारी आम्ही मामांना घेऊन हॉटेलात गेलो. त्यांना यायचं नव्हतं. ह्यांनी अक्षरशः हाताला धरून आणलं. पाचही उत्तम फोटो मी बाकड्यावर मांडले.

लोक गोळा झाले. हॉटेलवाल्यानं कपबशी खाली ठेवून एकेक फोटो उचलला.

“झ्याक आलाय, बाई. पर ही तर घारच हाय. मासा काय, काठावरचा मेलेला उचलला असंल.”

“मासा बघा कसा जिता हाय तो,” मामा म्हणाले.

“फोटूत समदं गपच असतंय, मामा. जितं आन् मेलं कसं कळायचं?”

पुन्हा बाकडी हसली. मामा उठायला लागले. माझे पाचही उत्तम फोटो हरले होते. हॉटेलवाल्याचा हात फोटोंच्या पाकिटाकडं गेला आणि त्यानं त्यातला वाया गेलेला फोटो ओढून काढला.

“ह्यो काय?”

“तो बिघडलाय,” मी म्हणाले. “ठेवा तो.”

त्यानं ठेवला नाही. दारात, उजेडात नेला. घारीचं डोकं आणि पंख पुसल्यासारखे दिसत होते आणि तिच्याभोवती सगळीकडं पांढरे ठिपके उडालेले होते. काही लांब, रेघांसारखे. तो बराच वेळ बघत राहिला.

“आरं,” तो म्हणाला, “ही तर न्हाऊन आलीया.”

फोटो हातोहात फिरला. कुणी म्हणालं दव असेल. दुसरा म्हणाला, दवात एवढं भिजायला ती काय लिंबाचं पान आहे का. शेवटी गहू पेरलेल्यांतला एक जण म्हणाला, “उद्या पहाटं जाऊनच बघू की.”

दुसऱ्या दिवशी बांधावर पंचवीसेक माणसं होती. हॉटेल बंद ठेवून हॉटेलवाला आला होता. मोटा उभ्या होत्या. एवढी माणसं बघून घार येतेय कशाला! कुणी बिडी पेटवली, कुणी खोकलं, कुणी विचारलं, “मामा, तिला सांगावा धाडलाय न्हवं?”

“गप बसा की रं!” मामा ओरडले. “साळंतली पोरं बरी तुमच्यापरीस!”

आणि माणसं खरंच गप बसली.

ती आली तेव्हा सूर्य चांगला वर आला होता. तलावावर एक फेरी मारली, मध्यभागी हवेतच पंख मारत थांबली आणि पाय पुढं करून खाली कोसळली. पाणी उडालं. घार नव्हती. पाण्यावर नुसती वर्तुळं. कुणीतरी “बुडाली” म्हणालं, आणि तेवढ्यात ती पाण्यातून वर आली, दोनदा पंख मारले, अंग झाडलं आणि मासा घेऊन निघाली. मासा डोकं पुढं करून धरलेला. जत्रेत कुस्ती निकाली झाल्यावर उठतो तसा आवाज बांधावरून उठला. हे माझा दंड धरून नाचत होते. कॅमेरा आमच्याकडं होता, पण त्यात रोल नव्हता. तो यादीत लिहायचाच राहिला होता. मला त्याचं काही वाटलं नाही.

गहू पेरलेला तो माणूस मामांजवळ गेला. फेटा सारखा केला आणि जरा खालच्या आवाजात म्हणाला, “मग मामा, तिसरं पाणी न्हायच म्हणता?”

मामांचे डोळे अजून बाभळीवर होते.

“न्हाय,” ते म्हणाले. “दुसरं जरा सढळ सोडतो.”

“बरं,” तो माणूस म्हणाला, आणि तोही तिथंच खाली बसून घार मासा खाताना बघायला लागला.