धुक्यात थांबवलेली गाडी

आमच्या गावाला शनिवार-रविवार म्हणजे कमाईचे दिवस. वसंतात वरच्या पठारावर फुलांचा उत्सव, उन्हाळ्यात नुसती गारव्याची ओढ, पानं गळायला लागली की सफरचंदांची जत्रा. शहरातली माणसं खालून येतात ती हसत, आणि परत जातात ती पिशव्या सांभाळत. त्यांची ने-आण करणाऱ्या मिनीबसांपैकी एक उस्तादांची होती. गाडी ते चालवायचे. तिकिटं फाडणं, सामान वर चढवणं आणि कुणाला मळमळलं तर लिंबू पुढे करणं हे त्यांच्या बायकोचं काम. तिला सगळे वहिनी म्हणायचे.

लग्नाला वीसेक वर्षं झालेली. घरात उस्तादांची म्हातारी आई, बाकी कुणी नाही. वहिनी बोलकी, उस्ताद मोजकं बोलणारे. पण घाटात त्यांचा हात असा होता की मागे झोपलेलं पोर वळणावर कूससुद्धा बदलायचं नाही.

गेल्या उन्हाळ्यात पहिल्यांदा वहिनीच्या मनात पाल चुकचुकली. उस्तादांनी किटली उचलली आणि चहा कपाच्या शेजारी ओतला. ती हसली, "कुणाच्या तंद्रीत आहात?" तेही हसले. मग दारातून येताना डावा खांदा चौकटीला आपटायला लागला. मग एक दिवस ते म्हणाले, "मागे काय बसतेस? पुढे ये. गप्पा मारू."

माणसं म्हणाली, बघा, म्हातारपणी प्रेम उतू चाललंय. वहिनीलाही आधी गोड वाटलं. पण गप्पा कसल्या, तर "आता कुठलं वळण आलं गं?" "समोर ट्रक आहे की जीप?" ती सांगत गेली, ते वळवत गेले. काही दिवसांतच तिच्या लक्षात आलं की आपण गप्पा मारत नाही आहोत, आपण डोळे झालो आहोत. तिनं दोनदा डॉक्टरांचा विषय काढला. दोन्ही वेळा उस्ताद जेवता जेवता उठले. तिसऱ्यांदा तिनं काढला नाही. हंगाम संपू दे, मग बघू, असं स्वतःला समजावत राहिली आणि प्रत्येक फेरीत घसा कोरडा पडेपर्यंत बोलत राहिली.

जत्रेचा शेवटचा रविवार. दुपार कलली तशी गाडी भरून खाली निघाली. एक नवं जोडपं, निवृत्त मास्तर आणि त्यांची पत्नी, तान्ह्या बाळाची आई, हसतखिदळत निघालेल्या चार-पाच बहिणी आणि मागच्या सीटवर एक गृहस्थ. त्यांना खाली पोचून आगगाडी पकडायची होती. निघाल्यापासून त्यांची नजर मनगटावरच्या घड्याळावरून हलत नव्हती.

घाट अर्धा उतरला आणि धुकं आलं. दरीतून उसळून वर आलं आणि काचेला चिकटलं.

उस्तादांनी दिवे लावले. "काय आहे पुढे?" त्यांनी हळूच विचारलं.

वहिनी काचेला नाक लावून बसली होती. "काही नाही दिसत हो."

"नीट बघ."

"बघतेय ना. पांढरं आहे सगळं."

आजवर एकाच्या डोळ्यांवर दोघं चालली होती. आता तेही नव्हते. दरी डाव्या हाताला, आणि डावीकडचंच उस्तादांना दिसत नव्हतं. मागे बहिणींचं गाणं चाललं होतं. मनगटवाले गृहस्थ ओरडले, "अहो, बैलगाडी आहे का ही? जरा दाबा की!"

उस्तादांनी खरंच दाबलं. का दाबलं कोण जाणे. पुरुषाचा ताठा असेल, भीती असेल. समोरून अचानक पिवळे दिवे उगवले, त्यांनी गाडी डावीकडे घेतली, ट्रक अंगावरून गेल्यासारखा गेला. आणि मग चाकाखालचा आवाज बदलला. डांबराची घरघर थांबली, खडी वाजायला लागली.

"उजवीकडे घ्या!" वहिनी किंचाळली.

गाडी हेलकावून परत रस्त्यावर आली. गाणं थांबलं. बाळ रडायला लागलं.

"थांबवा," वहिनी म्हणाली.

"काही झालं नाही. गप्प बस."

"थांबवा म्हणते ना."

"माणसं बसलीत मागे. तमाशा करू नकोस."

माणसं बसली होती, म्हणूनच ती वळली. पुढची दांडी धरून उभी राहिली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "यांना डाव्या डोळ्यानं दिसत नाही. बऱ्याच दिवसांपासून नाही. मला माहीत होतं."

ब्रेक लागला.

मग जो कल्लोळ झाला! मनगटवाले सीटवरून उठून पुढे आले, "आमच्या जिवाशी खेळता? दोघांना आत टाकलं पाहिजे!" नवी नवरी हुंदके द्यायला लागली. उस्ताद स्टिअरिंगवर हात ठेवून बसलेले, मान खाली. वहिनीनं सगळं ऐकून घेतलं. "शिव्या खाली गेल्यावर द्या, पोटभर द्या," ती म्हणाली. "पण आता गाडी वळणावर उभी आहे. मागून कुणी आलं तर सगळेच जाऊ. आधी उतरा. डोंगराच्या बाजूनं, भिंतीला हात लावून, एकामागे एक चाला."

मास्तरांच्या पत्नी पहिल्या उठल्या. "चला गं पोरींनो, धरा एकमेकींना." त्या उठल्या म्हणून बाकीचे उठले. मनगटवाल्यांनी एकदा उस्तादांकडे पाहिलं, मग मुकाट्यानं बाळ कडेवर घेतलं, कारण त्याच्या आईला भिंत धरायला हात मोकळे हवे होते.

थोडं पुढे रस्ता रुंद होत होता. तिथे एक बंद टपरी होती. तिथवर गाडी न्यायला हवी होती, आणि नेणारा एकच होता. वहिनीनं टॉर्च काढला.

"मी पुढे चालते. तुम्ही माझ्या मागे या."

"चिरडशील," उस्ताद म्हणाले. ब्रेक लागल्यापासून ते पहिल्यांदाच बोलले.

"नाही चिरडत तुम्ही मला."

ती दिव्यांपुढे चालायला लागली. पाठ गाडीकडे. आत बसलेल्या माणसाचं तिनं चारचौघांत नाक कापलं होतं, आणि त्याच माणसाच्या चाकांपुढे ती चालत होती. बोनेटची ऊब पाठीला लागत होती. एकदा दगडाला ठेच लागून ती वाकली, तेव्हा मागे ब्रेक करकचला. तिनं वळून पाहिलं नाही. "या, या, सरळ या," म्हणत राहिली, गुरं हाकल्यासारखी.

टपरीपाशी गाडी लागली. उस्ताद उतरून पायरीवर बसले. वहिनी शेजारी गेली तेव्हा जमिनीकडे बघतच म्हणाले, "टॉर्च दिसतच नव्हता मला. आवाजावर आणली गाडी."

तिला तिथेच भडभडून आलं.

पाठोपाठ दुसऱ्या एका ड्रायव्हरची, दाढीवाल्याची, बस आली. स्टँडवर उतारूंवरून उस्तादांशी त्याची रोज हमरीतुमरी व्हायची. त्यानं सगळ्यांना आत घेतलं, दाटीवाटीनं बसवलं. उस्तादांना मात्र "बसा" एवढंच म्हणाला, आणि रस्ताभर आरशातूनही त्यांच्याकडे पाहिलं नाही. मनगटवाल्यांची गाडी चुकली. तक्रार करायची धमकी त्यांनी दिली होती, पण पुढे काही आलं नाही.

तपासणीत काचबिंदू निघाला. गेलेला डोळा परत येत नाही, डॉक्टरीण बाई म्हणाल्या. उजवा वाचवायचा तर औषधाचे थेंब रोज, जन्मभर. आणि उतारू घेऊन गाडी चालवायची नाही.

घरी सासूबाई म्हणाल्या, "झाकली मूठ होती, बाई. तू उघडलीस. आता गावभर झालं."

"आई, मुठीत माणसं होती," वहिनी म्हणाली आणि भांडी घासायला गेली.

हिवाळाभर उस्ताद तिच्याशी कामापुरतं बोलले. थेंब घालायला मान वर करून बसायचे, झालं की उठायचे. इतक्या जवळून ती त्यांचा चेहरा बघायची आणि त्यांची नजर छताला असायची. तिला वाटायचं, आपण ह्यांना वाचवलं की मारलं?

गाडी दारात उभी राहून चालणार नव्हती. वहिनीनं दाढीवाल्याच्या धाकट्या भावाला चालवायला ठेवलं. पहिल्या दिवशी किल्ली उस्तादांनीच खुंटीवरून काढून त्याच्या हातात दिली. "दुसरा गिअर जरा नखरे करतो," एवढं सांगून आत गेले.

वसंत आला, वर फुलांचा उत्सव लागला. शनिवारी सकाळी वहिनी डबा भरत होती. उस्ताद दाढी करून, स्वच्छ सदरा घालून मागे येऊन उभे राहिले.

"जागा आहे का आज?"

"कुणाला?"

"मला. इतकी वर्षं माणसं नेली वर. गाडी लावायची, गाडीपाशी बसायचं. ती फुलं कधी बघितलीच नाहीत."

तिनं झाकण लावलं. ते लागेना, परत लावलं. "उजव्या खिडकीशी देते," ती म्हणाली.

घाटभर उस्तादांनी पुढच्या सीटची दांडी सोडली नाही. प्रत्येक वळणावर त्यांचा पाय नसलेल्या ब्रेकवर दाबला जात होता. नवा ड्रायव्हर घामाघूम. पठारावर गाडी थांबल्यावर उतारू पळाले. उस्ताद सवयीनं चाकाशी टेकून उभे राहिले, तेव्हा वहिनीनं त्यांच्या डाव्या बाजूला जाऊन हात धरला आणि म्हणाली, "अहो, चला. गाडी काही पळून जात नाही."