मोइनोकचा दोर

आयिमकान एजेच्या, म्हणजे आयिमकानताईच्या, जिभेला हाड नाही, हे आमच्या गावात शेंबडं पोरही सांगेल. सामुदायिक शेतीच्या गोठ्यात तिने सव्वीस वर्षं गाईंच्या धारा काढल्या आणि एवढ्या काळात एकाही साहेबाला सुनावल्याशिवाय सोडलं नाही. आमच्या दोघींच्या अंगणांत एकच भिंत, त्यामुळे तिच्या तोंडचा पहिला मार मला.

रशियासकट आमचा एकच मोठा देश होता, तो मोडला तेव्हा चुय खोऱ्यातल्या आमच्या गावात निम्मी घरं पिढ्यांपूर्वी येऊन वसलेल्या जर्मनांची होती. ती एकेक करून जर्मनीला निघाली. माणसांनी पडदे नेले, शिवणयंत्रं नेली, मुरंब्याच्या बरण्यासुद्धा नेल्या. कुत्री मात्र मागे ठेवली. समोरची एमा आपला रेक्स घेऊन एजेच्या दारात आली, तेव्हा मी तिथेच होते.

"पडद्यांना जागा झाली आणि याला नाही होय गं?" एजे म्हणाली.

एमा रडायला लागली. एजेने कुत्रा ठेवून घेतला, पण त्याच्या गळ्यातला दोर सोडून एमाच्या हातात कोंबला. जनावर दुसऱ्याला देताना दोर आपल्याकडे ठेवायचा, म्हणजे घरची बरकत त्याच्याबरोबर जात नाही, अशी आमची जुनी रीत. पण एजेला बरकतीचं काही पडलं नव्हतं. "ने हा," ती म्हणाली, "तिकडे पेटी उघडशील तेव्हा हाताला लागू दे."

रेक्सने आठ दिवस अन्नाला तोंड लावलं नाही. मग सुटला की एमाच्या फाटकाशी जाऊन बसायचा. त्या घरात आलेले नवे लोक दगड मारायचे, एजे त्याला उचलून आणायची, तो पुन्हा जायचा. दुसऱ्या हिवाळ्यात तिथेच गोठून मेला. एजेने त्याला पोत्यात घालून आणलं आणि तीन दिवस कुणाशी बोलली नाही. पुढे आणखी चार घरांनी तिच्याकडे कुत्री टाकली. तिने सगळी सांभाळली आणि सगळ्यांना दोर परत दिला. मग आपलीच पोरं रशियाला, त्याहून लांब जायला लागली. त्यांच्या आयांनाही ती सोडेना. "कुत्रं टाकून जाणाऱ्याच्या घरचा चहा मला विष," असं भर लग्नात म्हणायची.

आणि मग तिच्यावरच पाळी आली.

तिचा धाकटा मुलगा एर्मेक शिकागोला ट्रक चालवतो. आमच्यात घर धाकट्याचं, आणि आईबापही धाकट्यानेच सांभाळायचे. एर्मेकने रीत तंतोतंत पाळली. घर आपलं म्हणून शहरातल्या एका माणसाला फोनवरून विकलं, आणि आई आपली म्हणून दोन मुलं सांभाळायला बोलावून घेतली. तिला विचारलं कुणी? विमानाचं तिकीट आलं तेव्हा तिला कळलं. विकत घेणारा घराच्या जागी गाड्या धुण्याचं दुकान काढणार होता. "कुत्रा नको, आजी," तो म्हणाला, "मी कॅमेरे लावणार आहे."

कुत्रा म्हणजे मोइनोक. मानेभोवती पांढरा पट्टा, वय अकरा, कानाने बहिरा. हा कुणी टाकलेला नव्हता. तो तिचा स्वतःचा, पिल्लापासून बाटलीने दूध पाजून वाढवलेला.

गावाला आयतंच सापडलं. दुकानात बाया म्हणायच्या, "काय गं, एजे मोइनोकला पेटीत घालून नेणार का पडद्यात गुंडाळून?" मीही हसले. खोटं कशाला सांगू, पोटभर हसले.

त्याला ठेवून घेण्यासारखं घर एकच होतं, माझं. हे तिलाही माहीत होतं. शेवटच्या आठवड्यात ती तीनदा आली. एकदा चाळण द्यायला, एकदा जर्दाळूचा मुरंबा द्यायला, एकदा नुसतीच. ताकाला जाऊन भांडं लपवावं तशी.

"तुमच्या मेंढ्यांची राखण कोण करतं आता?" तिने विचारलं.

"नवरा."

"तो तर घोरतो."

"घोरू दे की, एजे. मेंढ्यांना चालतं."

ती माझ्या पडवीकडे बघत राहिली. मी तिच्या पेल्यात चहा ओतला आणि गप्प बसले. मनात म्हटलं, तीस वर्षं गावाची तोंडं बंद केलीत, आता एकदा तोंडाने मागा. मी नाही म्हणणार नव्हते. आदल्या संध्याकाळी मी पडवीत जुना लोकरीचा नमदा अंथरला, पाण्याची थाळी घासून ठेवली. फक्त तिने मागायची खोटी होती.

सकाळी जनावरांचा डॉक्टर तिच्याकडे आला. निरोपाला आला असेल, मला वाटलं. दहाच्या सुमारास भिंतीवरून बघते तर एजे नवा कोट घालून अंगणात उभी, हातात मोइनोकचा दोर गुंडाळलेला. माझा जीव भांड्यात पडला. दोर काढलाय म्हणजे द्यायला निघाली.

"कुत्रा कुठाय?" मी विचारलं.

"दिला."

"कुणाला?"

तिने हनुवटीने जर्दाळूच्या झाडाकडे दाखवलं. बुंध्याशी माती ताजी उकरलेली होती. "जिथून उठून कुणाच्या फाटकाशी बसणार नाही, तिथे."

मला पडवीतला नमदा सांगायचा होता. तेवढ्यात बाहेर गाडीचा भोंगा वाजला. एजेने दोर पर्समध्ये घातला, घराच्या भिंतीला एकदा तळहात लावला आणि मागे न बघता गाडीत बसली.

महिन्याभरात जर्दाळू तोडला गेला. सगळ्या अंगणावर सिमेंट पडलं.

आता नमद्यावर कोंबड्या बसतात. शरद ऋतूत एजेचा फोन आला. नातवंडांची भाषा कळत नाही, सून बरी आहे, दूध पाण्यासारखं आहे.

"झैनेप, एक विचारते. खरं सांग. मी मागितलं असतं, तर ठेवून घेतलं असतंस त्याला?"

"मी?" मी म्हटलं. "म्हातारं, बहिरं कुत्रं? मला काय वेड लागलंय, एजे?"

"मला वाटलंच होतं," ती म्हणाली. "दगड आहे दगड, तुझ्या काळजाच्या जागी." आणि तिला केवढं हायसं वाटलं, ते आवाजातच कळलं! मी ती शिवी निमूट घेतली.