मंगळवार सुटावा म्हणून नळदुर्गला

माझ्याकडं एक कागद आहे. संस्थान विलीन झालं, जिवाच्या भीतीनं पळून गेलेली माणसं गावात परतली, त्या वर्षी मी तो लिहिला. वाटलं, वाचलोच आहोत तर मरण्याआधी काय काय करायचं ते एकदा मांडून ठेवावं. माझी शाळा उर्दू तिसरीपर्यंत. मराठी अक्षरं नंतर बेंबळीच्या बाजारात धान्य मापता मापता शिकलो. त्यामुळं यादी लहानच ठेवली. घोड्यावर बसायचं, समुद्र पाहायचा, पोहायला शिकायचं, आणि नळदुर्गच्या पाणीमहालात, बाहेर पाणी कोसळत असताना, आत उभं राहायचं. दर दसऱ्याला कागद काढत होतो. खोडण्यासारखं कधी काही नसायचं, घालण्यासारखं सुचायचं, पण आधीचंच बाकी म्हणून घालत नसे. उंदरं खातील म्हणून तो मी देव्हाऱ्यात देवीच्या टाकाखाली ठेवत असे. चूक झाली ती तिथं.

यंदा गुडघा फार कुरकुरू लागला, म्हणून श्रावणातच कागद काढला आणि घोडं खोडायला बसलो. आमची कारभारीण सोनाबाई धावत आली.

"काय करायलाव तुमी?"

"घोडं खोडतोय. आता कुठलं जमतंय?"

"देवीफुडं बोललेला नवस खोडता व्हय?"

तेव्हा उलगडा झाला. तिला वाचता येत नाही. टाकाखाली ठेवलेला कागद म्हणजे माझे नवसच, असं ती इतकी वर्षं धरून चालली होती. ते फिटत नाहीत म्हणून देवी कोपू नये, यासाठी ती मंगळवारचा कडक उपास धरत होती. मला वाटायचं, चार बाया धरतात तसा हीही धरते. आषाढात ती आडावर चक्कर येऊन पडली होती. धाराशिवच्या डॉक्टरनं बजावलं होतं, उपाशी राहू देऊ नका. मी लेखणी खाली ठेवली. म्हणालो, "अगं, नवस नाहीत ते, नुसती हौस आहे."

"टाकाखाली ठिवलं म्हंजे बोलल्यागतच. एक तरी फेडा, मग सोडते मी उपास."

समुद्र लांब, पोहणं या वयात नको. राहिलं नळदुर्ग. तेही नदी भरून वाहत असेल तरच, पावसाळा सरला की नुसत्या भिंती. म्हणून पोळा झाल्यावरच्या सोमवारी आम्ही निघालो.

बेंबळीहून धाराशिवला सकाळची मोटार धरावी, हे जाणाऱ्यांना माझं पहिलं सांगणं. कच्चा रस्ता, चिखल. दुपारची गाडी कधी येते, कधी येतच नाही. मी सहाच्या गाडीसाठी चारलाच उठून बसलो होतो. बरोबर भाकरी, शेंगाची चटणी, छत्री, आणि तिला घेरी आली तर असावा म्हणून खिशात गुळाचा खडा. धाराशिवला तुळजापूरची गाडी लगेच मिळाली. कंडक्टरनं विचारलं, "कुठवर?"

"आज तुळजापूर. उद्या नळदुर्ग."

"नळदुर्गात काय लगीन हाय का कुणाचं?"

"पाणी बघायला चाललोय."

"पाणी तर तुमच्या गावात बी पडायलंय की, बाबा." सगळी गाडी हसली. मी खाली बघू लागलो, पण सोनाबाई कशाला ऐकते. "तिथलं पाणी आत हुबं ऱ्हाऊन बघत्यात," ती म्हणाली. "तुमी बघितलंय का? न्हाय ना? मग तिकीट फाडा."

तुळजापूरला आमच्या गावची माणसं ठरलेल्या पुजाऱ्यांकडं उतरतात. शिधा आणि दक्षिणा द्यायची, पडवीत पथारी टाकायची. वेगळं भाडं नाही. मंगळवारी पहाटे दर्शन झालं. पुजाऱ्यांच्या आईनं साबुदाण्याची वाटी पुढं केली.

"बाई, एवढं तरी घ्या. रंग बघा तुमचा."

"आज फिटलं तर रातीच्याला भाकरच खाईन," सोनाबाई म्हणाली, "न्हाय फिटलं तर हायेच आपलं."

मी खिशातला गूळ चाचपला. त्याचा काही उपयोग नव्हता.

नळदुर्गच्या गाडीत पुढं बसलेले दोघे बोलत होते. "बोरी नदीचं पाणी दोन दिस झालं उतरायलंय." एवढं करून पाणीच नसलं तर पुन्हा वर्षभर हिचे मंगळवार. रस्ता चांगला होता, दोन्ही बाजूला उडीद-तूर मस्त आली होती, पण मी त्यातलं निम्मंही पाहिलं नाही.

किल्ल्याच्या दरवाजातून आत शिरलो आणि थांबलो. आवाज येत होता. आधी वाटलं, लांब कुठं मालमोटारी चालल्यात. जवळ गेलो तशी पायाखालची जमीनही सांगू लागली. मी चक्क पळालो, गुडघ्यासकट.

तिथं एक राखणदार चाचा बसलेले होते. "नर बी चालू हाय, मादी बी," ते म्हणाले. बांधावरून पडणाऱ्या दोन धबधब्यांची ही नावं. "पण सांजपर्यंत ऱ्हाईल याचा भरवसा न्हाय. उतरा लवकर."

उतरायचं म्हणजे नदीवरच्या त्या बांधाच्या पोटात. अरुंद जिना, अंधार, दगडांवर ओल. तिसऱ्या पायरीवर माझा पाय उचलेना.

"पाय घसरला तर?" मी म्हणालो.

"बाबा, वहाणा काढा, भिंतीकडं तोंड करा आन् शिडीवरनं उतरल्यागत उलटं उतरा. समदी म्हातारी तशीच उतरत्यात," वरून चाचा म्हणाले.

सोनाबाई माझ्या खाली गेली. "माझ्या खांद्यावर हात ठिवा." सकाळपासून पाणीसुद्धा न घेतलेल्या बाईच्या खांद्यावर भार कसा द्यायचा? मी हात ठेवला, पण भार भिंतीवर टाकला. तीही मध्येच थांबून भिंत धरत होती. कोण कुणाला उतरवतंय, हे सांगता येणार नाही.

आणि मग उजेड. कोरीव कमानीची खोली आणि खिडकीबाहेर पाणीच पाणी, हातभर अंतरावर, पांढरं, वरून खाली धावणारं. आतली फरशी मात्र कोरडी. भिंतीला तळवा लावला तर दगड थरथरत होता. उन्हाचा एक पट्टा पाण्यातून आत आला आणि सोनाबाईच्या कपाळावर हलू लागला. मी मोठ्यानं हसलो, ते मलाच ऐकू आलं नाही. तिनं हात जोडले, तिचे ओठ हलले. मी "काय?" म्हणालो, तेही पाण्यात गेलं.

वर आल्यावर स्टँडाजवळच्या हॉटेलात गेलो. मंगळवार, दुपारचे दोन. तिनं गरम भजी मागवली, मग भाकरी-पिठलं, मग परत भजी. मी प्रत्येक घासाला तिच्या तोंडाकडं बघत होतो. "तुमी बी खा की," ती म्हणाली, "दृष्ट लावायलाव का?"

जाणाऱ्यांनी पोळ्याच्या आसपास जावं, जिन्यात वहाणा घालू नयेत, गुडघ्याची लाज धरू नये. परतीची गाडी आधी विचारून ठेवावी. मी चारदा विचारली.

घरी आल्यावर नळदुर्ग खोडलं. आयुष्यात पहिल्यांदा काही खोडलं, तर रेघ वाकडी गेली. कागद आता पत्र्याच्या ट्रंकेत आहे. पुढच्या मंगळवारी ती माझ्याबरोबर जेवायला बसली तेव्हा मी विचारलं, "तिथं आत काय पुटपुटत होतीस?"

"नवस बोलले."

मी घास ताटात परत ठेवला. "म्हणजे परत उपास?"

"उपास न्हाय ह्याला. मला एका जागी जायचंय. तुमी संगं यायचं, एवढंच."

"कुठं?"

"गाडीत बसल्यावर सांगीन."

तेव्हापासून मला चैन नाही. कागदावर तिच्या नावानं एक कोरी ओळ सोडली आहे. गेल्या आठवड्यात धाराशिवच्या स्टँडावर जाऊन फळ्यावरच्या सगळ्या गाड्यांच्या वेळा उतरवून आणल्या, लातूरच्या, सोलापूरच्या, बार्शीच्या, वाशीच्या. तिची गाडी त्यातली एखादी पहाटेची निघाली, तर आम्हाला आदल्या दिवशीच धाराशिवला जाऊन बसावं लागेल.