रवीच्या कोळशाचा चेहरा

“जळू द्यायचं पाटील, पण पेटू द्यायचं नाही,” असं मला म्हणत आमचे भाडेकरू पत्र्याच्या डब्याचं झाकण ओल्या मातीने लिंपायचे. डब्यात करवंदीच्या काटक्या, बांबूच्या कामट्या. उन्हाळ्यात आम्ही भाताच्या रोपांसाठी राब भाजतो, म्हणजे रोपांच्या जागेवर पालापाचोळा जाळतो, तेव्हा हा डबा ते बिनदिक्कत आमच्या राबाच्या ढिगाखाली सारायचे. दुसऱ्या दिवशी राखेतून कोळसा उकरून कानाशी वाजवून बघायचे. टिणटिण वाजला तर खूश, नाहीतर दिवसभर तोंड पाडून बसायचे.

पुण्याहून आलेला हा एकटा म्हातारा आमच्या मुळशीतल्या घराची मागची खोली भाड्याने घेऊन राहिला होता. चित्रकार. चित्रं काढायच्या कोळशाच्या कांड्या बाजारात मिळतात म्हणे, पण यांना त्या चालत नसत. गावाने नाव पाडलं, कोळसेबुवा. धरणाचं पाणी तैलरंगात काढायचे, पण त्यात निळा औषधालासुद्धा नसायचा.

“पानी निळं असतं, बुवा,” मी एकदा म्हणालो.

“तुमच्या वाडवडिलांची भातखाचरं त्याच्याखाली आहेत ना? मग निळं कसं काढू?”



आमच्या हिच्याशी, म्हणजे माझ्या बायकोशी, त्यांचं चांगलं जमायचं. तिचा एक धड फोटो नव्हता. कॅमेरा दिसला की पदर तोंडावर! पण बुवांपुढे मुकाट बसली. तिची ताक घुसळायची रवी मोडली होती, तिचाच त्यांनी कोळसा केला.

“अवो दादा, माझं थोबाड काळं करताय व्हय?”

“वहिनी, तुमच्या हातातलं लाकूड आहे. रेघ आपसूक ओळखीची येते.”

साडी, हात, मागची भिंत तैलरंगात पुरी झाली. चेहरा मात्र नुसत्या कोळशातच ठेवला. “अजून बघतोय,” म्हणायचे. ती आजारी होतीच. बघता बघता गेली.

तेराव्याला ते चित्र मी भिंतीला लावलं. हार घालायच्या आधी फोटो ओल्या फडक्याने पुसायचा, ही आमची रीत. मी पुसला. वर काच नाही, एवढंही या गाढवाला सुचलं नाही. फडकं काळं झालं. साडी राहिली, हात राहिले, चेहरा गेला. शिव्या तरी कोणाला घालणार? हात माझेच.

बुवा धावत आले. मला वाटलं, आता ओरडतील. त्यांनी फडकं माझ्या हातातून काढून घेतलं आणि म्हणाले, “चूक माझी, पाटील. कोळशावर लेप मारून चेहरा पक्का करायचा राहिला.”

मग पावसाळाभर माणूस नुसता झपाटला. जेवणाची शुद्ध नाही, दाढीची नाही. आठवून आठवून चेहरा काढायचे आणि कागद घेऊन दारात उभे राहायचे.

“याच का?”

“न्हाई बुवा. ही न्हवं.”

“नाक?”

“नाक हाय. पर ती न्हाई.”

मान खाली घालून परत जायचे. खरं सांगतो मंडळी, ते ‘न्हाई’ तोंडातून काढताना माझा जीव तुटायचा.

भात कापणीला आलं, तेव्हा त्यांनी मूळ चित्रावरच चेहरा काढला आणि मला बोलावलं. मी बघितलं. कुणीतरी भली बाई होती, पण आमची नव्हती. बुवा श्वास रोखून माझ्याकडे बघत होते.

“व्हय बुवा,” मी म्हणालो. “हीच.”

ते ढसाढसा रडले. मीही रडलो, पण माझं कारण वेगळं होतं.

दिवाळीनंतर त्यांची पुतणी त्यांना पुण्याला घेऊन गेली. होळीच्या आतच ते गेल्याचा फोन आला. मी भेटायला गेलो, तर पुतणीने बसायला खुर्ची दिली आणि म्हणाली, “काका शेवटपर्यंत तुमचं नाव काढत होते. म्हणायचे, तो चेहरा काही मला जमला नाही. पण पाटील माझ्यासाठी खोटं बोलले.”

मी तिच्याकडे पाणी मागितलं.