गोळ्यांची पंधरा पाकिटं

संकट यायच्या आधी मला त्याची चाहूल लागते, असा माझा फार वर्षं समज होता. यात थोडा दोष माझ्या गावाचा आणि थोडा माझ्या नोकरीचा. विदर्भातल्या ज्या गावात मी वाढलो तिथे उन्हाळ्यात नळाला दहा-बारा दिवसांनी पाणी यायचं. घरात ड्रम, हंडे, कळशा, शेवटी चहाची पातेलीसुद्धा भरून ठेवलेली असायची. पुण्यात आलो तेव्हा इथे खडकवासल्याचं पाणी रोज सकाळी नळाला येतं हे बघूनही मी पहिले काही महिने खोलीत बादल्या भरून ठेवत असे. खोलीतले बाकीचे तिघे त्याच बादल्यांत पाय धुवायचे आणि वर मलाच हसायचे.

नोकरीही तशीच लागली. दोन हजार साल उजाडताना जगातले सगळे कॉम्प्युटर बंद पडणार अशी तेव्हा धास्ती होती, आणि त्या धास्तीवर आमच्यासारख्या कित्येकांची पुण्यात पोटापाण्याची सोय झाली. ते साल उजाडलं आणि काहीही बंद पडलं नाही. लोक म्हणाले, उगाच बाऊ केला. आम्ही म्हणालो, तयारी होती म्हणून काही झालं नाही. पुढची वीस वर्षं मी हेच काम केलं. कंपनीचा डेटा दुसऱ्या शहरात साठवायचा, त्या साठ्याचा आणखी एक साठा तिसरीकडे ठेवायचा आणि उद्या सगळं कोसळणार आहे असं धरून चालायचं. बायको पुण्यातच जन्मलेली, तिची जीभ तिखट. ती म्हणायची, "आपल्या लग्नात याने भटजींचाही बॅकअप ठेवला होता."

त्यामुळे २०२०च्या फेब्रुवारीत परदेशातल्या सहकाऱ्यांनी तिथल्या दुकानांतल्या रिकाम्या फळ्यांचे फोटो पाठवायला सुरुवात केली तेव्हा मी एक दिवसही वाया घालवला नाही. वडगाव शेरीतल्या आमच्या फ्लॅटमधली लहान खोली मी महिन्याभरात भरून टाकली. एक क्विंटल गहू, पन्नास किलो तांदूळ, डाळी, तेलाचे डबे, मीठ, साबण, मेणबत्त्या, मुलीच्या दम्याचे पंप. प्रत्येक वस्तूची नोंद एक्सेलमध्ये, संपायच्या तारखेसकट. शेजारचे काका एकदा दारातून आत डोकावून म्हणाले, "वा! दुकान कधी उघडताय?" मी नुसता हसलो.

मग ती संध्याकाळ आली. टीव्हीवर टाळेबंदी जाहीर झाली आणि दहा मिनिटांत खाली रस्त्यावर ही गर्दी लोटली. वाण्याचं शटर अर्धं खाली, त्याखालून वाकून लोक ओरडत होते, कुणाच्या हातात दुधाच्या पिशव्या, कुणाच्या हातात नुसतेच बिस्किटांचे पुडे. शेजारचे काकाही त्या गर्दीत दिसले. मी गॅलरीत चहा घेत उभा होतो. मला त्यांची कीव आली नाही. मला आनंद झाला होता. हे इतक्या वर्षांत मी कुणाला सांगितलेलं नाही, पण खरं आहे.

तो आनंद चार दिवसही टिकला नाही. घरातलं पीठ संपलं आणि बायकोने गव्हाचा डबा काढला तेव्हा लक्षात आलं, की गिरणी बंद आहे. पीठ टिकत नाही, गहू टिकतो, असा हिशोब करून मी शहाण्याने क्विंटलभर गहू भरला होता, आणि गिरणीवाला टाळेबंदीच्या आधीच आपल्या गावाला निघून गेला होता. बायको म्हणाली, "चला, आता एकेक दाणा चघळत बसू या. वर्षभर पुरतील."

त्या वेळी आमच्या मदतीला धावल्या त्या पोळ्यांच्या मावशी. नऊ वर्षं त्या आमच्याकडे येत होत्या. येरवड्यातल्या एका वस्तीत राहायच्या, आमच्याच सोसायटीत पाच घरांच्या पोळ्या करायच्या. सोसायटीने बाहेरच्या सगळ्यांना यायला बंदी केली होती, म्हणून बायकोने त्यांना फोन केला होता. गव्हाचं ऐकून त्या आधी पोटभर हसल्या. मग म्हणाल्या, "ताई, रातभर भिजवा, मिक्सरमधनं काढा अन् धिरडी घाला. आमच्या आईनं असंच आमाला जगवलं." आम्ही दोन आठवडे धिरडी खाल्ली. मधूनमधून फोन करून त्याच विचारायच्या, आज जमली का, तव्याला चिकटत तर नाहीत ना.

मावशींना सांधे सुजण्याचा जुना आजार होता. सकाळी आल्या की आधी पातेल्यात कोमट पाणी घेऊन त्यात दोन्ही हात पाच मिनिटं बुडवून ठेवायच्या, मगच कणकेला हात लावायच्या. सरकारी दवाखान्यातून त्यांना त्यावर रोजची एक गोळी मिळायची, महिन्याभराची एकदम. ती सुरू झाल्यापासून बोटं वळायला लागली, असं त्या कौतुकाने सांगत. गोळीचं अवघड नाव त्यांनी पाठ केलं होतं. मलेरियावरही तीच गोळी देतात, हेही मला त्यांच्याकडूनच कळलेलं.

म्हणून मार्चमध्ये आमच्या ऑफिसच्या ग्रुपवर, ही गोळी नव्या रोगावर चालते असा निरोप फिरायला लागला, तेव्हा नाव माझ्या चटकन लक्षात आलं. ओळखीच्या दुकानातून मी चिठ्ठीशिवाय पंधरा पाकिटं आणली. दुकानदार म्हणाला, "शेवटचीच आहेत, साहेब." ते ऐकून मला बरंच वाटलं. मुलीला दमा होता. दहा वर्षांची पोर, साधी सर्दी झाली तरी रात्रभर धाप लागायची. तो रोग तिच्यापर्यंत आला तर काय, या विचाराने माझी झोप उडाली होती. पाकिटं मी पुस्तकांच्या कपाटात मागच्या रांगेत ठेवली. एक्सेलमध्ये त्यांची नोंद केली नाही, कारण ते एक्सेल बायकोही बघायची. यातच सगळं आलं.

एप्रिलच्या मध्यावर मावशींचा फोन आला. बायकोने नेहमीप्रमाणे स्पीकर लावला होता.

"ताई, दादांच्या वळखीत औषधाचं दुकान हाय का? माझ्या गोळ्या संपल्यात. दवाखान्यात म्हणत्यात, आल्याच न्हाईत. दुकानवाले म्हणत्यात, सगळ्या लोकांनी नेल्या."

मी समोरच लॅपटॉप घेऊन बसलो होतो. माझ्या पाठीमागे कपाट होतं. बायको म्हणाली, "काळजी करू नका मावशी, आम्ही बघतो." आणि ती लगेच कामाला लागली. तिने सहा-सात दुकानांना फोन केले. मग माझ्याकडे वळून म्हणाली, "तूही कर ना."

आणि मी केले. जी वस्तू माझ्या पाठीमागे हातभर अंतरावर होती ती मी विमाननगरपासून कसब्यापर्यंतच्या दुकानांत विचारली. नाही म्हटल्यावर "बरं, आली तर कळवा" असंही म्हणालो. एका दुकानदाराने माझ्या आवाजावरून दया येऊन विचारलं, "घरात कुणी आजारी आहे का हो?" मी हो म्हणालो.

तेव्हा उठून कपाट का उघडलं नाही, याची मी पुष्कळ कारणं स्वतःला देऊन पाहिली आहेत. मुलीची भीती खरी होती. पण दोन पाकिटं दिली असती तरी तेरा उरत होती. खरं कारण असं, की दोन काढली असती तर पंधरा दिसली असती. बायकोला दिसली असती. भीतीपेक्षा मला लाज जास्त वाटत होती, आणि लाज झाकायला दिवसागणिक आणखी एक दिवस लागत गेला. आज देऊ, उद्या देऊ, एखाद्या दुकानात मिळाल्या म्हणून सांगू, असं करत मी पाच आठवडे काढले. मधल्या काळात ती गोळी या रोगावर तितकी चालत नाही अशाही बातम्या यायला लागल्या होत्या. त्या मी पूर्ण वाचत नसे.

मावशी दर चार-पाच दिवसांनी फोन करायच्या. आधी म्हणाल्या, सकाळी मूठ वळत नाही. मग म्हणाल्या, शेजारीण पाणी भरून देते. गोळीचं विचारायचं त्यांनी हळूहळू सोडून दिलं. मेच्या तिसऱ्या आठवड्यातल्या एका फोनवर त्या बायकोला म्हणाल्या, "ताई, सोसायटी उघडली की तुमी दुसरी बाई बघा. बाकीच्या चार घरांना बी सांगितलंय. लाटणं धरवंना आता." त्यांचा आवाज रडका नव्हता. एखाद्या दिवसाची सुट्टी सांगावी तसं त्यांनी सांगितलं. फोन ठेवल्यावर बायकोच मुसमुसून रडायला लागली.

मी उठलो, कपाटातली पुढची पुस्तकं काढली आणि हाताला लागतील तितकी पाकिटं टेबलावर आणून ठेवली. बायकोने एक पाकीट उचललं, नाव वाचलं, खाली ठेवलं. तिची ती तिखट जीभ एरवी कशावरही चालायची. त्या दिवशी ती अगदी साध्या आवाजात म्हणाली, "तू दुकानांना फोन केलेस. माझ्यासमोर बसून केलेस." मग पाकिटं माझ्याकडे सरकवून म्हणाली, "जा. आत्ता जा."

टेबलावर अकरा पाकिटं होती. चार मी कपाटातच ठेवली होती. तेवढ्यातही मी ती मोजून मागे ठेवली, हे लिहिताना आजही मला माझीच शिसारी येते.

पोलिसांना औषधं दाखवत मी स्कूटरवरून येरवड्याला गेलो. मावशींच्या वस्तीचं तोंड बांबू आणि पत्रे लावून बंद केलं होतं. दोन पत्र्यांच्या मधल्या फटीतून दूध, भाजी आत जात होती. मी फोन केला तशा पंधरा मिनिटांनी त्या आल्या. घर तिथून हाकेवर होतं. तोंडाला पदर गच्च बांधलेला. नऊ वर्षांत मी त्यांना कधी इतकं हळू चालताना पाहिलं नव्हतं. मी फटीतून पिशवी पुढे केली. त्यांनी हात पुढे केला, पण बोटं मिटेनात. उजव्या हाताची बोटं करंगळीकडे कललेली, सांध्यांवर सूज, कातडी तकतकीत झालेली. शेवटी त्यांनी कोपर वाकवून पुढे केलं आणि मी पिशवी त्यात अडकवली. पुढे पुष्कळ महिन्यांनी गोळी लागू पडली, सूज उतरली, पण त्यातली दोन बोटं आजही सरळ होत नाहीत. डॉक्टर म्हणाले, हा आजारच तसा आहे, गोळ्या असत्या तरी कदाचित असंच झालं असतं. त्या "कदाचित"वर मी बरेच दिवस काढले.

"कुटं गावल्या, दादा?" मावशींनी विचारलं.

"मिळाल्या एका दुकानात," मी म्हणालो. घरून निघतानाच मी हे वाक्य तयार ठेवलं होतं.

त्यांनी पिशवीत वाकून पाहिलं आणि त्यांचे डोळे भरून आले. "येवढ्या? माझ्यापायी किती वणवण केली तुमी." मग एकदम काहीतरी आठवल्यासारखं त्या म्हणाल्या, "अवो पर टीवीवर सांगत हुते, ह्या गोळ्या त्या रोगावर बी चालत्यात. तुमच्या पोरीला दम हाय. दोन पाकिटं घरात ठिवा की. मला काय, पुन्यांदा मिळतील. माझी बोटं आत जात न्हाईत, तुमीच काढून घ्या."

कोपराला अडकवलेली पिशवी त्यांनी फटीतून पुन्हा माझ्यापुढे धरली. शेजारी उभा असलेला पोलीस दुसरीकडे बघत होता. मी म्हणालो, नको. त्या म्हणाल्या, घ्या की, लेकराला लागंल. मी पुन्हा नको म्हणालो. त्यांचा हात तसाच पुढे राहिला. त्या हाताकडे बघत माझ्या तोंडून निघून गेलं, "मावशी, घरी आहेत."

"ह्याच?"

"ह्याच. सगळ्याच घरी होत्या. मार्चपासून."

त्यांनी पिशवी मागे घेतली. पदराच्या वर फक्त डोळे दिसत होते आणि त्यांत राग नव्हता. त्या माझ्याकडे बघत होत्या, पण मनात मागचे दिवस मोजत होत्या, हे स्पष्ट कळत होतं. पत्र्यापलीकडून कुणीतरी त्यांना हाक मारली. त्यांनी वळून ओ दिली आणि मग माझ्याकडे बघत, मला नीट समजावं म्हणून सावकाश सांगितलं, "तुमाला पयला फोन केला ना दादा, तवा मला लाटाय येत हुतं."